मेलिंग लिस्ट : पत्राची ओळख आणि पत्राची पोच

(मेलिंग लिस्टचे काम पाहणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य ह्यांच्यासाठी भरविलेल्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



ह्या वर्गास आलेल्या आपणांपैकी बहुतेकांच्या हाती एखादी तरी मेलिंग लिस्ट सोपविलेली आहे. कोणाकडे तालुक्यातील मुख्याध्यापकांची यादी आहे, कोणाकडे सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची, तर कोणाकडे एखादा विषय शिकविणाऱ्या शिक्षकांची. एका पत्त्यावर पत्र टाकावे आणि ते तीनशे-चारशे सभासदांच्या हाती पडावे, एवढाच तिचा वरकरणी व्यवहार. परंतु पाठविणाऱ्याच्या पडद्यावर पत्र ‘गेले’ असे दिसावे आणि पुष्कळ सभासदांना मात्र ते मिळूच नये, अशी परिस्थिती उद्भवते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कळविणारे पत्र ‘स्पॅम’च्या कप्प्यात जाऊन पडले, तर नुकसान यादी चालविणाऱ्याचे होत नाही, ते विद्यार्थ्याचे होते, आणि असे काही पत्र होते हे त्याला बहुधा कधी कळतही नाही. यास्तव, पत्र पाठविणे आणि पत्र पोहोचविणे ही दोन निराळी कामे आहेत असे धरूनच आपण पुढे जाऊ.

पत्र अडविले का जाते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ईमेलची ने-आण ज्या नियमांनी होते, त्या एसएमटीपीचा मूळ दस्तऐवज जॉन पोस्टेल ह्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केला. त्या काळी जाळ्यात असलेली यंत्रे मोजकी होती आणि ती मुख्यतः विद्यापीठांची व संशोधन संस्थांची. पत्र आणून देणारा जे नाव सांगेल ते खरे मानावयाचे, अशीच त्या व्यवस्थेची घडण होती. वास्तविक ह्या विश्वासाला तडा त्यापूर्वीच, मे १९७८ मध्ये गेला होता; एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे चारशे लोकांना आपल्या मालाची जाहिरात धाडली होती. तरीही नियम बांधताना नावाची शहानिशा करण्याची तरतूद झाली नाही, आणि आज आपण जे निस्तरीत आहोत ते बव्हंशी ह्या एका उणिवेचे परिणाम होत.

ईमेलला दोन पत्ते असतात, ही गोष्ट येथेच ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. आपल्या कार्यालयातून निघणाऱ्या पत्राचेच उदाहरण घ्या. आत पत्रशीर्ष असते, त्यावर कार्यालयाचे नाव असते. बाहेर पाकीट असते आणि पत्र बटवडा न होता परत आले तर कोठे यावे, तो पत्ता पाकिटावर असतो. ईमेलमध्येही पाकिटावरचा प्रेषक निराळा आणि पत्रशीर्षावरचा, म्हणजे ‘फ्रॉम’ ह्या ओळीतला प्रेषक निराळा असू शकतो. वाचणाऱ्याला दिसते ते केवळ पत्रशीर्ष. फसवणूक करणारे लोक त्यावर बँकेचे वा शासकीय कार्यालयाचे नाव लिहितात, आणि मूळ नियमांत त्यांना अडविणारे काहीही नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी तीन उपाय एकामागून एक पुढे आले.

पहिला एसपीएफ. त्याचा दस्तऐवज २००६ साली प्रायोगिक स्वरूपात व २०१४ साली सुधारून प्रसिद्ध झाला. आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणती यंत्रे पत्रे पाठवू शकतात, ह्याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे जाळ्याच्या सार्वजनिक नामनिर्देशिकेत, लावून ठेवावयाची. आमची टपाले अमुक शिपायांकडूनच येतील, असे जाहीर करण्यासारखे हे आहे. मात्र एसपीएफ तपासतो तो पाकिटावरचा पत्ता. पत्रशीर्षाकडे तो पाहत नाही.

दुसरा उपाय डीकेआयएम. त्याचा पहिला दस्तऐवज २००७ चा व प्रचलित दस्तऐवज २०११ चा. ह्यात पाठविणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावर आणि विषय, प्रेषक इत्यादी निवडक शीर्षओळींवर गणिती स्वाक्षरी करतो. त्या स्वाक्षरीची गुप्त किल्ली पाठविणाऱ्यापाशी राहते आणि पडताळणीची उघड किल्ली डीएनएसमध्ये असते. जुन्या काळच्या लाखेच्या मोहोरेची येथे आठवण व्हावी. फरक इतकाच की, ही मोहोर पाकिटावर नसून प्रत्यक्ष शब्दांवर बसलेली असते आणि एक शब्द बदलला तरी ती तुटते.

तिसरा डीमार्क. तो २०१२ च्या जानेवारीत जाहीर झाला आणि मार्च २०१५ मध्ये दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला. पत्रशीर्षावर जे डोमेन दिसते, त्याच्याशी जुळणाऱ्या डोमेनची एसपीएफ किंवा डीकेआयएम ह्यांपैकी एक तरी चाचणी उतरली पाहिजे, ही त्याची अट. दोन्ही न उतरल्या तर पत्राचे काय करावे, हे डोमेनच्या मालकाने आधीच सांगून ठेवावयाचे. ‘नन’ म्हणजे काही करू नका, मात्र मला अहवाल द्या. ‘क्वारंटाइन’ म्हणजे संशयितांत टाका. ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा.

येथवर सर्व ठीक वाटते. आता ह्या व्यवस्थेत मेलिंग लिस्ट आणून ठेवा. सभासदाने यादीच्या पत्त्यावर पत्र पाठविले. यादीच्या सर्व्हरने ते उघडले, विषयाच्या आधी चौकटी कंसात यादीचे नाव घातले, तळाशी ‘सभासदत्व रद्द करण्यासाठी येथे जावे’ अशी दोन ओळींची पुस्ती जोडली आणि चारशे जणांना ते पुन्हा रवाना केले. परत आलेली पत्रे आपणांकडे यावीत म्हणून पाकिटावर यादीने स्वतःचा पत्ता घातला. ते योग्यच आहे. परिणाम काय झाला? एसपीएफची चाचणी यादीच्या डोमेनसाठी उतरली, पण ते डोमेन पत्रशीर्षावरच्या डोमेनशी जुळत नाही. विषय व मजकूर बदलल्यामुळे डीकेआयएमची मोहोर तुटली. म्हणजे गेली कित्येक दशके यादी जे काम प्रामाणिकपणे करीत आली, ते डीमार्कच्या दृष्टीने बनावट पत्रापासून वेगळे ओळखता येत नाही.

डीमार्क प्रथमतः बँका व तत्सम संस्थांसाठी उपयुक्त ठरेल अशी अपेक्षा होती. त्यांची पत्रे थेट ग्राहकाकडे जातात, मध्ये यादी नसते. परंतु एप्रिल २०१४ मध्ये याहू कंपनीने आपल्या सर्वसाधारण ग्राहकांच्या याहू डॉट कॉम ह्या डोमेनसाठी ‘रिजेक्ट’ असा आदेश लावला आणि त्याच महिन्यात एओएलनेही तेच केले. ह्या कंपन्यांकडेही कारण होते. ग्राहकांची संपर्कवह्यांतील नावे चोरीस गेली होती आणि त्यांच्या ओळखीच्या लोकांना त्यांच्याच नावाने बनावट पत्रांचा वर्षाव चालला होता. तो त्या आदेशाने रोखता आला. पण त्या दिवसांत जगभरच्या याद्यांवर काय घडले ते पाहा. याहूचा पत्ता असलेल्या एका सभासदाने यादीवर साधा प्रश्न विचारला. यादीने तो सर्वांना पाठविला. जीमेल, हॉटमेल व खुद्द याहू ह्यांच्या सर्व्हरांनी आदेश पाळून तो परत केला. यादी चालविणाऱ्या आज्ञावलीने ही परत आलेली पत्रे मोजली आणि ‘ह्या सभासदांचे पत्ते निकामी झाले’ असा निष्कर्ष काढून त्यांनाच यादीतून स्थगित केले. पत्र लिहिणारा यादीवर राहिला आणि ज्यांनी काहीच केले नव्हते ते बाहेर फेकले गेले! त्यांना कारण कळले नाही, आणि यादी चालविणाऱ्यालाही बऱ्याच शोधानंतर कळले. माझ्या मते उपाय एकाने योजावा आणि त्याची किंमत तिऱ्हाइताने मोजावी, असा हा प्रकार झाला. तथापि आज अनेक मोठ्या संस्थांनी हाच कडक आदेश स्वीकारलेला असल्याने त्याविषयी तक्रार करीत बसण्यात अर्थ नाही.

त्यावर निघालेल्या तोडग्यांपैकी कोणताही निर्दोष नाही. सर्वाधिक रूढ झालेला तोडगा म्हणजे पत्रशीर्षच बदलणे. ‘मेलमन’ ह्या सर्वपरिचित आज्ञावलीच्या मे २०१४ मध्ये निघालेल्या २.१.१८ ह्या आवृत्तीत अशी सोय आली की, लिहिणाऱ्याच्या डोमेनने कडक आदेश लावला आहे किंवा कसे, हे आज्ञावली स्वतः पाहते. असल्यास ‘फ्रॉम’च्या ओळीत लिहिणाऱ्याच्या नावापुढे ‘यादीमार्फत’ अशा अर्थाचे शब्द घालून पत्ता यादीचा देते. मग यादीने आपल्या डोमेनची मोहोर लावली की पत्र रीतसर उतरते. इंटरनेटचे तांत्रिक नियम जेथे ठरतात त्या आयईटीएफ संस्थेलाही आपल्या चर्चायाद्यांवर पत्ते असेच बदलून घ्यावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे. ह्यातला तोटा असा की, उत्तर देताना सभासदाची गल्लत होते. एकट्या लेखकाला धाडावयाचे खाजगी उत्तर चारशे जणांकडे जाण्याचा धोका राहतो. म्हणून ‘रिप्लाय-टू’ ही ओळ कशी भरली जाते ते यादी सुरू करण्यापूर्वी दोन-चार सहकाऱ्यांवर प्रयोग करून पाहावे.

दुसरा तोडगा मला अधिक पसंत आहे, पण तो सर्वांना रुचत नाही. पत्राला हातच लावावयाचा नाही. विषयात यादीचे नाव नाही, तळाला पुस्ती नाही. मोहोर अभंग राहते आणि डीमार्क त्या आधारावर उतरतो. यादीची ओळख पटविण्यासाठी ‘लिस्ट-आयडी’ व ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ ह्या शीर्षओळी अनुक्रमे २००१ व १९९८ पासून उपलब्ध आहेत, त्या भराव्यात. विषयातील कंसाची सवय सोडणे सभासदांना जड जाते खरे, परंतु लेखकाचे नाव त्याच्याच पत्त्यासह शाबूत राहणे मला त्याहून मोलाचे वाटते. मोहोर मजकुराच्या पहिल्या काही भागापुरतीच लावावी व पुस्तीला मोकळीक ठेवावी, अशीही एक सोय डीकेआयएममध्ये आहे. तिचा अवलंब करू नये, कारण मोकळ्या जागेत कोणीही हवे ते जोडू शकतो.

तिसरा तोडगा एआरसी. त्याचा दस्तऐवज जुलै २०१९ मध्ये प्रायोगिक म्हणून निघाला. यादी ‘हे माझ्याकडे आले तेव्हा चाचण्या उतरल्या होत्या’ असे प्रमाणपत्र जोडते. प्रत खरी असल्याचा शेरा मारून सही करण्यासारखे हे आहे. आणि त्याची मर्यादाही तीच आहे. सही करणारा कोण, ह्यावर शेऱ्याची किंमत ठरते. मोठ्या सेवेने तुमच्या यादीवर विश्वास ठेवला तरच त्याचा उपयोग. तेव्हा जोडावे जरूर, पण त्यावर विसंबून राहू नये.

आता अलीकडच्या अटींकडे वळू. गुगल व याहू ह्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू झाले. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांकडे दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक पत्रे जात असतील, तर एसपीएफ व डीकेआयएम दोन्ही हवेत आणि डीमार्कचा निदान ‘नन’ आदेश हवा. वर्गणीदारांना जाणाऱ्या पत्रांत एका कळीने सभासदत्व रद्द करण्याची सोय हवी आणि अशी मागणी दोन दिवसांत अमलात आली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने आउटलुक, हॉटमेल आदी खात्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ह्यांच्याच स्वरूपाच्या अटी मे २०२५ पासून घातल्या. आपली यादी चारशेची, आपला ५,००० शी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम ह्यांपैकी एक, पाठविणाऱ्या यंत्राच्या क्रमांकाची नावाशी उलट-सुलट जुळणी आणि वाटेत सांकेतिक आवरण, ह्या गोष्टी जीमेलने लहान प्रेषकांनाही आवश्यक केल्या आहेत. तसेच ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली असल्या पाहिजेत आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नयेत. चारशे पत्रांत दोन सभासदांनी ती कळ दाबली, की त्या पत्रापुरते प्रमाण ०.५ टक्के झाले! यादीतून बाहेर कसे पडावे हे न सापडलेला कंटाळलेला सभासद हीच कळ दाबतो. बाहेर पडण्याची वाट सुलभ ठेवणे हे म्हणूनच यादीच्या हिताचे आहे.

ह्या एका कळीच्या सोयीत एक बारकावा आहे. शीर्षओळीतला दुवा खरोखरच एका कळीत काम करणारा असावा. २०१७ च्या दस्तऐवजात त्याची रीत दिली आहे, आणि सुरक्षा आज्ञावल्या पत्रातील दुवे आपण होऊन उघडून पाहतात म्हणून केवळ दुवा उघडल्याने सभासदत्व रद्द होणार नाही अशी तीत योजना आहे. पत्राच्या तळाशी घातलेला दुवा मात्र ‘खात्री आहे काय’ असे विचारणारा ठेवावा. एखादे पत्र सभासदाने सहकाऱ्याला पुढे पाठविले आणि त्या सहकाऱ्याने तळाचा दुवा दाबला, तर मूळ सभासद नकळत बाहेर जातो.

आपणांकडे वारंवार दिसणाऱ्या दोन चुका येथेच सांगून टाकतो. एकाच डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी असतात, कारण एक नोंद पहिल्या पुरवठादाराने लावली आणि दुसरी नंतरच्याने. नियमाप्रमाणे नोंद एकच हवी. दोन आढळल्यास तपासणी चुकीची म्हणून संपते. त्या नोंदीतून डीएनएसकडे कराव्या लागणाऱ्या चौकशाही दहाहून अधिक होता कामा नयेत. दुसरी चूक म्हणजे, कार्यालयाचा वा शाळेचा पत्ता जीमेलचा असणे आणि पत्रे मात्र भाड्याने घेतलेल्या निराळ्याच सर्व्हरवरून त्या पत्त्याने पाठविणे. जीमेलचे नाव धारण करून दुसरीकडून पत्र पाठवू नये, असे गुगलच्या नियमांत स्पष्ट आहे. अशा संस्थेने स्वतःचे डोमेन घ्यावे, हाच मार्ग.

मराठी पत्रांची म्हणून एक खास अडचण आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ईमेलची मूळ व्यवस्था सात बिटांच्या रोमन अक्षरांसाठी झाली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि ते बाइट आठ बिटांचे असतात. वाटेतला एखादा सर्व्हर आठ बिटांचा मजकूर घेत नसेल, तर आधीचा सर्व्हर त्याचे रूपांतर करून देतो. वाचणाऱ्याला अक्षर न् अक्षर तेच दिसते, पण बाइट बदललेले असल्याने डीकेआयएमची मोहोर तुटते. म्हणून मोहोर लावण्यापूर्वीच मजकूर सात बिटांच्या बेस-६४ अथवा तत्सम रूपात आणावा, असा सल्ला डीकेआयएमच्या दस्तऐवजातच दिलेला आहे. आपल्या पुरवठादाराला हा प्रश्न नेमका ह्याच शब्दांत विचारावा. तसेच यादीची पुस्ती मराठीत आणि सभासदाचे पत्र निराळ्या अक्षरसंचात असेल, तर पुस्ती वेगळ्या जोडपत्रासारखी लटकते. काही सभासद ती उघडण्यास भितात, आणि त्यांचे भय योग्यच आहे.

आता परत आलेल्या पत्रांविषयी. ही पत्रे कोणी वाचत नाही, आणि यादीची प्रकृती मात्र त्यांतूनच कळते. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण. सर्व्हर पुन्हा प्रयत्न करील. पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. परंतु पाचातही भेद आहे. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, तेव्हा नाव काढावे. ५.७ ने सुरू होणारा म्हणजे धोरण वा सुरक्षिततेच्या कारणाने नकार. तेथे दोष बहुधा पत्राच्या ओळखीत असतो, सभासदात नव्हे. त्याचे नाव काढणे म्हणजे २०१४ चाच अन्याय पुन्हा करणे होय. प्रत्येक सभासदाच्या पाकिटावर परतीचा पत्ता थोडा निराळा घालण्याची जी युक्ती बर्नस्टाइन ह्यांनी १९९७ साली मांडली, ती वापरल्यास कोणाचे पत्र परतले हे निश्चित कळते.

आपल्या याद्यांना बदल्यांचाही उपद्रव आहे. अधिकारी बदलून जातो, शिक्षक निवृत्त होतो, पत्ता मात्र यादीत तसाच राहतो. शक्य तेथे व्यक्तीऐवजी पदाचा पत्ता नोंदवावा आणि बदल्यांच्या मोसमानंतर एकदा यादी वाचून काढावी. नवीन नावे एखाद्या सभेच्या हजेरीपटावरून परस्पर भरू नयेत. प्रत्येकाकडून उलट टपाली होकार घ्यावा.

ज्यांच्याकडे डोमेनची व्यवस्था आहे त्यांनी डीमार्कचा आदेश लावताना घाई करू नये. प्रथम ‘नन’ लावून अहवालासाठी पत्ता द्यावा. मोठ्या सेवा दररोज अहवाल पाठवितात आणि त्यांत अनपेक्षित गोष्टी सापडतात. परीक्षा विभागाने परस्पर घेतलेली एखादी संदेशसेवा, जुन्या इमारतीत अजून चालू असलेला एखादा सर्व्हर, असे प्रकार उजेडात येतात. ते सर्व रीतसर झाल्यावर मग पुढची पायरी. ज्या संस्थेचे शिक्षक बाहेरच्या चर्चायाद्यांवर लिहितात, तिने ‘रिजेक्ट’ लावण्यापूर्वी त्यांना विचारावे किंवा त्यांच्या पत्रव्यवहारासाठी वेगळे उपडोमेन ठेवावे.

शेवटी किल्लीविषयी दोन शब्द. डीकेआयएमची किल्ली निदान १०२४ बिटांची लागते. नवी करताना २०४८ बिटांचीच करावी. ती अधूनमधून बदलावी, पण जुनी उघड किल्ली डीएनएसमधून त्याच दिवशी काढू नये. वाटेत खोळंबलेल्या पत्रांची पडताळणी तिच्यावरच व्हावयाची असते, म्हणून आठवडाभर तरी ती राहू द्यावी. गुप्त किल्ली कोणत्या यंत्रावर आहे, डोमेनचे नूतनीकरण कोणत्या तारखेस आहे आणि डीएनएसमध्ये बदल करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ह्या तीन गोष्टी कार्यालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात आणि कार्यभार सोपविताना त्या नोंदवहीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आता आपापल्या यादीवरून आलेले एखादे पत्र उघडून त्याच्या मूळ शीर्षओळी काढा. तिन्ही चाचण्यांचे निकाल त्यांत लिहिलेले असतात, ते आपण एकत्र वाचू.